तुरीचा शेंडा, मोटरीचा स्टार्टर आणि हुकूम नेमका कुणाचा?



नोंद ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याची. तूर ४७ दिवसांची, पहिली शेंडा खुडणी परवा उरकली. कपाशी पात्यावर आलीय. मोसंबीला पाऊस पुरेसा आहे, त्यामुळे ठिबक बंद.

घरात मात्र विषय ठिबकचाच चाललाय. पुतण्याने ऑटोमॅटिक कंट्रोलरचं कोटेशन आणलंय. रक्कम एका चांगल्या बैलजोडीएवढी. मोटर, फिल्टर, खताची टाकी आणि मोसंबीचे सहा व्हॉल्व्ह सगळं एका पेटीतून चालणार, पेटी मोबाईलवरून. तो म्हणतो, "काका, हे आपल्या शेताचं कंट्रोल सेंटर. शेताचा मेंदूच समजा." आमचे सालगडी, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात, शेजारीच बसले होते. चौदा वर्षं झाली, रात्रीच्या लाईटीत व्हॉल्व्ह फिरवायला तेच जातात. त्यांनी एवढंच विचारलं, "मेंदू पेटीत गेल्यावर माझं काय काम?"

त्या 'मेंदू' शब्दावर मी बरेच दिवस विचार करतोय. मेंदू म्हणजे एका जागी बसून सगळ्यांना हुकूम सोडणारा, असंच आपण धरून चालतो. पण शिवारात आणि मशिनीत खरंच तसं चालतं का? जे दिसलं आणि जे वाचलं ते मांडतो. कृषीवाल्या मित्रांनी कुठं चुकत असेल तर सांगावं.

तुरीपासून सुरुवात करू

शेंडा खुडला की बगलेतले डोळे फुटतात, हे आपल्या आज्यालाही माहीत होतं. शेंडा आहे तोवर खालचे डोळे झोपलेले. म्हणजे शेंडा हा झाडाचा मालक, असंच वाटतं.

याचं शास्त्र १९३० च्या दशकात बरंच उलगडलं. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं. बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापला की डोळे फुटले. कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं तर शेंडा नसतानाही डोळे झोपूनच राहिले. हिशोब सरळ बसला. शेंडा मालक, ऑक्झिन त्याचा हुकूम, डोळे नोकर. कितीतरी वर्षं पुस्तकात हेच होतं आणि ते खोटंही नाही.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. ऑक्झिन खोडातून फार हळू उतरतं, ताशी साधारण एक सेंटिमीटर. शेंड्यापासून हात-दीड हात खाली असलेल्या डोळ्याला शेंडा गेल्याची खबर लागायला एक दिवसाच्या वर लागायला हवा. तो डोळा तर काही तासांतच हलायला लागतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर हे तपासून दाखवलं. पहिला निरोप ऑक्झिन कमी झाल्याचा नसतो, साखरेचा असतो. शेंडा वाढीसाठी पानांनी केलेली साखर ओढत राहतो, खालच्या डोळ्यांच्या वाट्याला येतच नाही. शेंडा गेला की ती साखर मोकळी होते, झपाट्याने डोळ्यांकडे वळते आणि डोळे जागे होतात. ऑक्झिनचं काम त्यानंतरचं, कोणती फांदी पुढं जोर धरणार ते ठरवायचं.

आता बघा, मालकाचं चित्र केवढं बदललं. शेंडा "फुटू नका" असं ओरडत बसलेला नव्हता. तो फक्त जास्त खात होता. बाकीचे उपाशी म्हणून गप्प होते. आपण ज्याला हुकूम समजत होतो, त्यातला मोठा भाग वाटपाचा निघाला. एकत्र कुटुंबात थोरला बोलत नाही, पण तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला असते, तसं.

याचा शेतात उपयोग आहे. माझ्या खालच्या पट्टीत काळी भारी जमीन, वरच्या टोकाला मुरमाड. दोन्हीकडं एकाच दिवशी खुडणी होते. भारी जमिनीत फांद्या गच्च येतात, मुरमाडावर दरवर्षी कमी आणि बारीक. शेंडा काढून तुम्ही वाटप बदलता, पण वाटायला घरात काही असावं लागतं. म्हणून तूर पाण्याच्या ताणात असेल, पिवळी पडली असेल, तर मी खुडणी चार-आठ दिवस पुढं ढकलतो. पाऊस झाला, पानं तरारली, की मग. खुडायचा फक्त वरचा कोवळा दोन बोटं शेंडा. खाली हात घातला की पानंही जातात, म्हणजे साखर करणारेच गेले.

कपाशीतली गळफांदीही याच हिशोबात बघा. ती दुसरा शेंडाच असते, खोडाला समांतर वर जाणारी आणि ओढून खाणारी. वेळेत काढली की फळफांद्यांच्या वाट्याला येतं.

झाडाला मेंदू आहे का?

हा प्रश्न जुना आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली झाडांच्या हालचालींवर पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटी त्यांनी मुळाच्या टोकाची तुलना खालच्या प्राण्यांच्या मेंदूशी केली होती. मुळाच्या टोपीतल्या पेशींत पिठाचे जड कण असतात, ते तळाला बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कुठं ते कळतं. टोपी काढली तर मूळ वाढतं, पण दिशा हरवतं.

पण झाडाला मुळाचं टोक एक नसतं, हजारो असतात. शेंडेही अनेक. पानावरची छिद्रं, ज्यातून झाड श्वास घेतं आणि पाणी सोडतं, ती एका चौरस मिलिमीटरात शेकड्यांनी असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन पेशी उजेड, हवा, ओल बघून आपली आपण उघडतात नि मिटतात. माती सुकायला लागली की मुळांकडून वर निरोप जातो, पानात ॲब्सिसिक ॲसिड वाढतं आणि छिद्रं मिटतात. वर साहेब कुणी नाही. तरी भर उन्हात अख्खं झाड एकमताने पाणी वाचवतं.

मधमाशीचं पण तेच. राणी म्हणतो आपण, पण ती राज्य करत नाही. हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालणं हे तिचं काम. तिचा वास पोळ्यात फिरतो, त्यावरून माश्यांना राणी आहे हे कळतं. ती थकली, वास कमी झाला, की कामकरी माश्याच नवीन राणीची तयारी करतात. अळ्यांच्या जागी ३४-३५ अंश तापमान त्याच टिकवतात, उन्हाळ्यात पंख हलवून नि पाणी आणून, थंडीत अंग गरम करून. राणीला कुणी विचारत नाही.

आता वीज

मशिनीत तरी हुकूम एका जागेवरून निघत असेल ना? सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. आपल्या राज्याची वीज ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून सांभाळली जाते. मोठ्ठी भिंतभर स्क्रीन, चोवीस तास माणसं. कुठल्या केंद्रातून किती वीज घ्यायची, कुठली लाईन बंद ठेवायची, हे तिथं ठरतं. अख्ख्या देशाची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. मागणी वाढली की ती घसरते, मागणी कमी झाली की चढते.

पण तुमच्या गावच्या फीडरवर एकाच वेळी दोनशे मोटरी सुरू झाल्या, तर पहिला धक्का ऐरोलीतला माणूस सांभाळत नाही. तो फोन उचलेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिला धक्का सांभाळतो जनरेटरवरचा गव्हर्नर. फेरे कमी झाले की तो आपोआप वाफेची किंवा पाण्याची वाट जास्त उघडतो. आपल्या जुन्या डिझेल इंजिनावर हाच असायचा. पाण्याचा लोड पडला की इंजिन दबायचं, आतली फिरती वजनं आत यायची, डिझेल वाढायचं, इंजिन पुन्हा सुरात. वायर नाही, मेंदू नाही. दोन वजनं, एक स्प्रिंग.

हे स्थानिक हात नीट चालले नाहीत तर काय होतं, ते २०१२ मध्ये देशाने बघितलं. ३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची ग्रिड बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही बसल्या. साठ कोटींच्या वर लोक अंधारात गेले. आपली पश्चिमेची ग्रिड तगली, म्हणून आपल्याकडं त्याची झळ फारशी कळली नाही. दोन्ही दिवशी सुरुवात बिना-ग्वाल्हेर या लाईनवरून झाली. नियंत्रण केंद्रं होती, माणसं जागी होती. पण चौकशी समितीने जी कमतरता दाखवली त्यात हेही होतं, की जनरेटरच्या गव्हर्नरकडून जो आपोआप आधार मिळायला हवा तो मिळाला नाही, आणि फ्रिक्वेन्सी पडली की लोड आपोआप तोडणारे रिले पुरेसे चालले नाहीत. वर केंद्र शाबूत, खाली हातपाय ढिले.

आपल्या स्टार्टरमध्येही हेच दोन मजले आहेत. मोटर कधी चालवायची हे तुम्ही ठरवता. पण एक फेज गेला तर तुम्हाला विचारत न बसता मोटर तोडायची, हे काम सिंगल फेज प्रिव्हेंटरचं. ते तुमच्या मोबाईलच्या रेंजवर ठेवलं तर वाइंडिंग जळून जाईल.

शरीरातही तसंच. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागं येतो, चटका नंतर कळतो. तो हुकूम पाठीच्या मणक्यातूनच सुटलेला असतो. मेंदूला फक्त नंतर कळवलं जातं.

सुरू करण्याइतकंच बंद करणं

हा भाग जरा गंभीर आहे, पण आपल्या धंद्यात जीवावर बेतणारा आहे म्हणून लिहितो.

मण्यार रात्री चावते. बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थकतो. मेंदू शाबूत असतो. माणसाला ऐकू येतं, कळतं, पण नसेतून स्नायूला जाणारा निरोप विषाने अडवलेला असतो. पेटी चालू, वायर तुटली. म्हणून रात्री झोपेतून उठून पापणी उचलत नाही असं कुणी म्हणालं, तर जखम दिसत नाही म्हणून थांबू नका. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या.

उलटी गत फवारणीच्या विषबाधेची. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस या गटातली औषधं नस अडवत नाहीत. नसेतून निरोप गेल्यावर तो पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं, त्यालाच ती निकामी करतात. निरोप एकदा गेला की जातच राहतो. लाळ, घाम, बारीक झालेली बाहुली, फडफडणारे स्नायू ही त्याची लक्षणं. मोटर सुरू झाली पण बंदचं बटण चालेना, तसं. किडीत हेच होतं आणि आपल्यातही हेच होतं, कारण ही व्यवस्था दोघांत सारखीच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याएवढी पिकं, उलट वारा, उघडं अंग. ते विसरून चालणार नाही. कपाशी आता वाढतेय, म्हणून आत्ताच सांगतो.

नियंत्रण म्हणजे फक्त हुकूम देणं नाही. निरोप पोचला पाहिजे आणि काम झालं की तो पुसलाही गेला पाहिजे.

मग मोसंबीच्या पेटीचं काय?

आमची साडेचार एकर मोसंबी, पाचशेच्या आसपास झाडं, आंबे बहाराची. पेटीवाल्याने मातीतल्या ओलीचा सेन्सर दाखवला. ओल ठरलेल्या आकड्याखाली गेली की व्हॉल्व्ह उघडणार, वर गेली की बंद. फळ पोसायच्या महिन्यांत हे उत्तमच. वापसा टिकवायचा, पाणी मोजून द्यायचं.

पण नोव्हेंबर-डिसेंबरात काय? तेव्हा आपण मुद्दाम पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबावी, अन्न साठावं, डोळा पानाऐवजी फुलाकडं वळावा म्हणून. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारीत जास्त दिवस लागतात. पानं फिकट पडतात, चतुर्थांशाच्या आसपास पानगळ होते, मग आपण ताण तोडतो. सेन्सरच्या लेखी हे सगळे दिवस चुकीचे. माती सुकलीय, पाणी द्या, एवढंच त्याला कळतं. आमच्या एका पाहुण्याच्या बागेत गेल्या वर्षी हेच झालं. त्यांच्याकडं मोठी पेटी नाही, साधा ऑटो स्विच. ताणाच्या मधेच तो कुणीतरी चालू ठेवला. रात्री लाईट आली, मोटर सुरू झाली, पहाटेपर्यंत बाग ओली. मशीन बिघडलं नव्हतं. तिने सांगितलेलं काम चोख केलं. पण बहार विखुरला. निम्म्या झाडांवर फूल, निम्म्यांवर नवती.

यातून माझ्यापुरती वाटणी अशी झाली. जे काम रोज तसंच करायचं असतं, वेळेवर करायचं असतं आणि चुकलं तर उद्या दुरुस्त होतं, ते पेटीला. व्हॉल्व्हच्या पाळ्या, फिल्टर धुणं, मोजून खत सोडणं. ज्यात हेतूच बदलतो ते माणसाकडं. ताण कधी धरायचा, कधी तोडायचा, विहीर आटली तर आधी कुठली झाडं जगवायची. वर्षाचं उत्पन्न ज्या आठ दिवसांवर ठरतं, ते आठ दिवस आकड्याच्या हवाली करणार नाही.

तरीही पेटी घ्यायचं ठरलंय. कारण पाणी वाचेल हे खरं, पण मोठं कारण दुसरं. आपल्याकडं आठवडाभर दिवसा लाईट, आठवडाभर रात्री. मामा साठीच्या पुढं गेलेत. रात्री दोनला बॅटरी घेऊन गवतातून सहा व्हॉल्व्ह फिरवायचे, त्या वाटेवर मण्यार मी स्वतः दोनदा बघितलीय. ते काम पेटीने केलं तर मला त्यात मामांचं काही गेलं असं वाटत नाही. सेन्सर दोनच बसणार आहेत आणि झाडं पाचशे. सेन्सर कुठल्या झाडाखाली पुरायचा हे मामांनी दाखवलं. बांधाकडची ओळ लवकर सुकते, नाल्याकडची कायम ओली, मधली खरी. ही माहिती कोटेशनमध्ये नव्हती. पाडव्याला त्यांचं साल पुढं चालूच राहील. दिवसा बागेतून फेरी, लॅटरल तपासणं आणि पेटीच्या शेजारी जो हाताने चालवायचा बायपास आहे त्याची किल्ली त्यांच्याकडं.

घेणार असाल तर हे विचारून घ्या

१. रेंज गेली तर पेटी ठरलेल्या पाळ्या स्वतः चालवते का, की सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवर आणि नेट गेलं की शेत मुकं?

२. पेटी किंवा वायर बंद पडली तर व्हॉल्व्ह उघडा राहतो की मिटतो? ताणाच्या दिवसांत मिटलेलाच हवा.

३. व्हॉल्व्ह हाताने उघडता येतो का? पाना न लावता?

४. व्हॉल्व्ह खरंच उघडला का हे पेटीला कसं कळतं? पाण्याचं मीटर किंवा प्रेशरची खूण नसेल, तर मोबाईलवर 'चालू' दिसतं म्हणजे फक्त हुकूम गेला. पाणी गेलं की नाही ते झाडाला माहीत.

५. सिंगल फेज, ओव्हरलोड, कोरडी मोटर ही संरक्षणं स्टार्टरमध्येच आहेत ना? ती मोबाईलवर अवलंबून ठेवू नका.

६. विजेच्या कडकडाटापासून बचाव आणि अर्थिंग कोण करून देणार? आणि उंदराने वायर कुरतडली तर कोण येणार, किती दिवसांत?

तुरीच्या भारी आणि मुरमाड अशा दोन्ही टोकांची दहा-दहा झाडं दोरा बांधून ठेवलीत. दुसऱ्या खुडणीच्या वेळी फांद्या मोजून आकडे इथं टाकतो. तुमच्याकडं कुणी हलक्या जमिनीत खुडणी न करता तशीच तूर ठेवली असेल, तर त्याचेही आकडे पाठवा. पेटी वापरणाऱ्यांनी ताणाच्या महिन्यात तिचं काय केलं तेही लिहा. नोव्हेंबरच्या आत आम्हाला ते उपयोगी पडेल.